आमच्या ह्यांची बैठक

माझ्या नवऱ्याच्या पार्श्वभागाबद्दल मी चारचौघांत इतकं बोलेन, असं मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर मी तिथल्या तिथे पळ काढला असता. पण गेले कित्येक महिने आमच्या घरात दुसरा विषयच नाही. लोक सकाळी उठून हवापाण्याबद्दल बोलतात, आम्ही ह्यांच्या उजव्या कुल्ल्याबद्दल बोलतो. ओला आहे का, वास येतोय का, कडा कशा आहेत. जिन्यात शेजारी भेटले की आधी आवाज खाली आणतात आणि मग विचारतात, "आता कसं आहे... ते?" मी ठणकावून सांगते, "ते तसंच आहे!" मग त्यांनाच कुठे बघावं ते कळत नाही.

आमचे हे म्हणजे सोफ्यांचे कारागीर. सोफे, कोच, ऑफिसातल्या खुर्च्या, दवाखान्याबाहेरची बाकं, माणूस ज्या ज्या वस्तूवर बूड टेकतो त्या प्रत्येकात ह्यांनी फोम भरला आणि वर कापड चढवलं. जन्मभर दुसऱ्यांच्या बुडाची काळजी वाहिली. आणि मग एक दिवस, चार माणसांनी उचलायचा सोफा दोघांत जिन्यावरून उतरवायला गेले. वर सोफा, खाली हे. मणका गेला. कंबरेखाली काही हलत नाही आणि काही कळतही नाही, करकचून चिमटा काढला तरी पत्ता नाही. सोफ्याला मात्र ओरखडाही आला नाही. हे अजून अभिमानाने सांगतात ते.

तेव्हापासून चाकाची खुर्ची आली. हात शाबूत, डोकं शाबूत आणि जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. दिवसभर खुर्चीत बसून मला कपड्यांच्या घड्या कशा घालायच्या ते शिकवायचे. तुम्ही-आम्ही बसलो की नकळत शंभर वेळा चुळबुळ करतो, या कुशीवरून त्या कुशीवर कलतो. ह्यांना टोचतच नाही तर चुळबुळ कशाला करतील? बसायच्या हाडाखालचं मांस एकाच जागी दबून दबून मेलं. आधी नुसता लाल डाग दिसला. मी म्हटलं, डास चावला असेल. मग कातडी गेली आणि बघता बघता खड्डा पडला, त्यात बोटाचं पेर मावेल एवढा.

मग आमच्या घरात सिस्टर आली. घरी येऊन मलमपट्टी करणारी नर्स. वयाने माझ्या मुलीएवढी, तोंडाची फटकळ आणि हाताची हलकी. आल्या आल्या तिने ह्यांना आडवं केलं, जखम बघितली आणि म्हणाली, "आजोबा, हे काय करून ठेवलंय?"

"मी काय केलं? मी तर नुसता बसलो होतो," हे म्हणाले.

"तेच तर!"

तिने सगळं बैजवार समजावलं. दर थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन अंग खुर्चीवरून उचलायचं, म्हणजे दबलेल्या जागी रक्त फिरतं. दुपारी खुर्ची बंद, पलंगावर कुशीवर झोपायचं. अंडी, दूध, मासे, जे अंगी लागेल ते खायचं, कारण मांस हवेतून येत नाही. आणि खुर्चीवर बसायला तिने एक खास गादी मागवून दिली. रबराचे छोटे छोटे फुगे शेजारी शेजारी उभे आणि त्यांत हवा. बसलं की हवा इकडची तिकडे पळते आणि वजन एका जागी साचत नाही. सिस्टरने गादीखाली हात घालून, हवा दाबून बघून, हे बसल्यावर पुन्हा हात घालून, अगदी शिंप्यासारखं माप जमवून दिलं.

हे त्या गादीकडे असे बघत होते, जणू कुणी घरात म्हैस आणून बांधली.

"ही गादी आहे की अंड्यांचा ट्रे?" हे म्हणाले.

"आजोबा, ही गादीच आहे. आणि हिला हात लावायचा नाही."

"शिवण कुठाय हिला? एक टाका नाही हो! कुणा मशीनने फुंकून सोडलीय."

"तिच्यावर बसायचंय, तिचं लग्न नाही लावायचं," सिस्टर म्हणाली आणि बॅग उचलून गेली. मला ती पोरगी तेव्हाच आवडली.

तर हे सगळं आम्ही केलं, अगदी जिवाचं रान करून केलं. मी घड्याळाकडे बघून ओरडायची, "उचला!" हे हातांवर अंग उचलायचे. "ठेवा!" ठेवायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, आम्ही घरात सामान हलवतोय. अंडी तर इतकी खाल्ली की अंडीवाला मला बघून उभा राहायला लागला. पण जखम काही जागची हलेना. उलट खड्डा आणखी खोल जायला लागला. सिस्टर दर वेळी पट्टी सोडायची, ओठ मुडपायची आणि गप्प बसायची. तिचं बोलणं मला कळत होतं, हे गप्प बसणं मात्र मला सोसेना.

मग आमच्या वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्या कुठेही येतात त्या उपाय घेऊन. या खेपेला केस वाळवायचं मशीन घेऊन आल्या.

"बाळूला वारं द्यायचं," त्यांनी जाहीर केलं. ह्यांना त्या अजून बाळू म्हणतात. "जखम ओली राहते म्हणून भरत नाही. खडखडीत वाळवली की खपली धरते."

"वन्सं, सिस्टर म्हणते, जखम ओलसरच हवी. वाळली की भरत नाही."

"तिला काय कळतंय? मी चार पोरांचे गुडघे वाळवलेत!"

मी स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात मशीनचा घुर्रर्र आवाज आला. धावत बाहेर येते तो हे पालथे, पट्टी अर्धी सुटलेली आणि वन्सं न्हाव्यासारख्या उभ्या राहून ह्यांच्या बुडाला गरम वारं देतायत. ह्यांना काहीच कळत नव्हतं. हे आपले निवांत पेपर वाचत होते! मी प्लग ओढला. नेमकी तेव्हाच सिस्टर दारात. तिने जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. वन्संनी मशीन पिशवीत टाकलं आणि "आजकालच्या मुलींना मोठ्यांची किंमत नाही" म्हणत बाल्कनीत जाऊन बसल्या.

पण त्या दिवशी सिस्टर जाताना दारात थांबली. मला बाहेर बोलावून दार ओढून घेतलं. म्हणाली, "आजी, डॉक्टरांशी बोलले मी. ते स्वतः येऊन बघणार आहेत. तोवर जखम जरा तरी वर आली नाही, तर हाडापर्यंत जाईल. मग हॉस्पिटल. ऑपरेशन, आणि त्यानंतर तिथेच महिनोन्‌महिने पालथं राहायचं."

मला वाटलं होतं, दार लावलंय म्हणजे ह्यांना ऐकू गेलं नसेल. कसलं काय! आत गेले तर हे छताकडे बघत होते.

"मी जाणार नाही," हे म्हणाले.

"कुठे?"

"तुला माहितीय कुठे. अगं, तिथे गेलो तर मी परत यायचा नाही. माझं मला कळतं."

एरवी मी म्हटलं असतं, काहीतरीच काय बोलता. पण मलाही नेमकी तीच भीती होती. या माणसाने संसारभर माझ्या नाकात दम आणलाय, पण हा घरात नसला तर मी भांडू कुणाशी? मी उठून दूध तापवायला गेले आणि तिथे पातेल्यासमोर उभी राहून रडले. दूध उतू गेलं ते गेलंच.

आता एका फोटोची गोष्ट. सिस्टर यायची नाही त्या दिवशी मी जखमेचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा, असं ठरलं होतं. माझ्या फोनचा कॅमेरा पडून फुटलाय, म्हणून ह्यांचाच फोन घेतला. हे भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपलेले. मी चष्मा लावला, अगदी जवळ जाऊन फोटो काढला आणि खाली लिहिलं, "हे बघा. काही फरक नाही. खोल होत चाललंय. काय करायचं?" आणि दिला पाठवून.

डॉक्टर एरवी दोन शब्दांत उत्तर देतात. या वेळी फोन टिंग टिंग टिंग वाजायलाच लागला. मला वाटलं, काहीतरी भयंकर दिसलं असणार. उघडून बघते तर पहिला मेसेज, "लेदर फार जुनं दिसतंय. कुठल्या जमान्यातला सोफा आहे?"

अगं बाई! मी फोटो ह्यांच्या सोफावाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता!

हा ग्रुप म्हणजे ह्यांच्या बरोबरीचे जुने कारागीर. दुकानं बंद झाली तसे सगळे पांगले, कुणी मुलाकडे राहायला गेलं, कुणी दुसऱ्या गावी. पण फोनवर दिवसभर एकमेकांना फाटक्या खुर्च्यांचे फोटो पाठवतात आणि त्यावर वाद घालतात. ह्यांनी त्यांना आपल्या पडण्याबद्दल अवाक्षर सांगितलेलं नाही. "जरा पाठ धरलीय, काम कमी केलंय," एवढंच. खुर्चीचं तर नावच काढायचं नाही, अशी मला ताकीद होती.

आणि मी त्यांना काय दाखवून बसले होते! कपाळावर हात मारून घेतला. पुसून टाकावं म्हटलं तर ते कसं करायचं तेच सापडेना. तोवर उत्तरांचा पाऊस.

"वरून ठिगळ लावू नकोस. आत पोकळी राहील. तळापासून भरत वर यायचं."

"आत ओल आहे की काय? नासकं आधी काढून टाक, मगच नवीन भर."

"गिऱ्हाईकाला सांग, यावर बसणं आधी बंद. बसायचं पण आणि दुरुस्त पण करायचं, असं चालत नाही."

मी वाचतेय आणि मला हसावं की रडावं ते कळेना. शब्दन्‌शब्द सिस्टर जे सांगत होती तेच! फक्त ती आमच्या ह्यांना सांगत होती आणि ही मंडळी सोफ्याबद्दल.

"कुणाचे मेसेज गं एवढे?" भिंतीकडे तोंड करून हे.

"डॉक्टरांचे," मी म्हटलं. म्हणजे तोंडातून निघून गेलं.

तेवढ्यात दाभणदादांचा बोललेला मेसेज आला. दाभणदादा हे त्या सगळ्यांत वडीलधारे, ह्यांचे गुरूच म्हणा ना. हाताखालच्या पोराने टाका चुकवला की त्याच्या पाठीत दाभण टोचायचे, म्हणून हे नाव पडलं. मी ऐकायला म्हणून कुठे बोट लावलं कुणास ठाऊक, ते खणखणीत मोठ्या आवाजात घरभर वाजायला लागलं.

"अरे, तुम्ही सगळे आंधळे आहात का? ही झीज वरून झालेली नाही, खालून झालीय! कड बघा, कशी गोल गरगरीत आहे. बसून फाटलं तर लांबट फाटतं. याच्या खाली बटण आहे बटण! पाठीला हवं तेवढं खोल बटण ओढा, पण बुडाखाली बटण? हे काम कुठल्या गाढवाचं? माझ्या हाताखाली शिकला असता तर मी त्याला असं करूच दिलं नसतं!"

मेसेज संपला. अजून मुक्कामालाच असलेल्या वन्संनी बाल्कनीतून आत डोकावून विचारलं, "डॉक्टर बरे नाहीत का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. तोंड भिंतीकडेच होतं, पण माझ्याकडचा कान लालबुंद झाला होता. मी या माणसाबरोबर इतकी वर्षं काढलीत. कान लाल म्हणजे काहीतरी लपवलंय.

"अहो."

ह्यांनी चादर कानावर ओढली.

"अहो, बटण म्हणजे काय?"

"दादांचं वय झालंय. काहीही बोलतात," हे भिंतीला म्हणाले.

मी तडक खुर्चीकडे गेले. गादीचं कव्हर ओढलं, चेन उघडली आणि आत हात घातला. फुग्यांच्या वर, कव्हरच्या आत, एक पातळशी दुसरीच गादी! काळ्या कापडाची, चारही कडांना नाजूक गोट, एकसारखे टाके. आणि मधोमध ओळीने बटणं. कापड मढवलेली, आतून दोरा ताणून खोल ओढलेली, लाकडी, टणक. अंगठ्याने दाबली तर दगड. एक बटण उजवीकडे बरोबर तिथे, जिथे ह्यांचं हाड टेकतं. त्याच्यावरचं कापड घासून पार चकचकीत झालं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर अंधारीच आली. मग तो अंधार गेला आणि राग आला, आणि तो काही साधासुधा नव्हता.

"हे काय आहे?"

"गादी," हे म्हणाले.

"कधी केलीत?"

"तू बाजारात जायचीस तेव्हा."

"म्हणजे मी तुमच्यासाठी अंडी आणायला जायचे, आणि तुम्ही इथे बसून स्वतःच्या बुडाखाली लाकडं शिवत होतात! ती पोरगी मेली एवढी घसा फोडून सांगते, मी घड्याळ बघून बघून वेडी व्हायची पाळी, आणि तुम्ही बटणं लावताय!"

"तो अंड्यांचा ट्रे डुगडुगतो गं. कुणी घरी आलं आणि बघितलं, की हा माणूस, ज्याने अख्ख्या गावाच्या बैठका केल्या, तो कशावर बसलाय, तर फुग्यांवर! मला लाज वाटते. आणि..." हे थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "खुर्ची कुणाची तरी, गादी कुणाची तरी, पट्टी कुणीतरी करतं, कूस कुणीतरी वळवतं. म्हटलं, निदान बुडाखाली माझ्या हातचं काहीतरी असू दे."

मी जरा विरघळले. पण जराच. राग अजून उकळत होता.

"पण बटणं कशाला घातलीत?"

"माझं काम बटणांवरून ओळखायचे लोक. इतकी वर्षं बटणं घातली मी. इतकी माणसं बसली त्यांवर. एकाला तरी जखम झाली का? दाखव मला एक!"

"अहो, ते उठून घरी जायचे!" मी ओरडले.

मी माझ्या तोंडाला हात लावला, पण बोलून झालं होतं.

"हो," हे म्हणाले. "ते उठायचे."

मग हे म्हणाले, "कात्री दे." मी आणून दिली. कुशीवर पडल्या पडल्या ह्यांनी ती गादी पोटाशी घेतली आणि एकेका बटणाचा दोरा कापला. प्रत्येक बटण टक्‌कन उडून फरशीवर पडायचं आणि पलंगाखाली जायचं. वन्सं गुडघ्यांवर बसून ती गोळा करत होत्या आणि पुटपुटत होत्या, "लहानपणी पण हा असाच होता, काही सांगायची सोय नाही." त्या डोळे पुसत होत्या की धूळ, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. मी तिला ती बिनबटणांची गादी दाखवली. ती खुर्चीवरच बसली, म्हणजे चाकाच्या. गादी उलटसुलट करून टाके बघितले.

"आजोबा, शिवण फार सुंदर आहे," ती म्हणाली.

"हो ना?" हे लगेच फुलले.

"आता तुम्हाला मी खुर्चीत बसूच देणार नाही."

ह्यांचा चेहरा पडला. सिस्टर म्हणाली की चूक तिचीही आहे, जखम बघताना तिने दर वेळी गादीही दाबून बघायला हवी होती. मग म्हणाली, डॉक्टर येईपर्यंत खुर्ची बंद. या कुशीवर, त्या कुशीवर, मध्ये पालथं. पाठीवर सरळ नाही, बसणं नाही. "आणि आजोबा, तुमचे हात शिवशिवत असतील तर मला पाचरीसारख्या उश्या हव्यात. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने पातळ. पाठीमागे लावल्या की माणूस अर्धवट कुशीवर राहतो आणि हाडावर वजन येत नाही. पण बटण नाही, गोट नाही, अंगाखाली शिवण यायची नाही."

"शिवण नाही? मग ती उशी आहे की भोपळा?"

"भोपळाच शिवा," सिस्टर म्हणाली.

आणि हे शिवत बसले, म्हणजे शिवत पडले. पालथे पडून, कोपरांवर रेलून, पुढ्यात कापड पसरून. मला फोम कापायला लावला आणि माझ्या कापण्याला नावं ठेवली. शिवण कुठून फिरवायची म्हणजे ती अंगाला लागणार नाही, यावर सिस्टरशी तासन्‌तास खल चालायचा. ती पट्टी बदलत असायची आणि हे मान वळवून तिला टाक्यांबद्दल विचारत असायचे. पहिल्या दोन उश्या फेकून दिल्या, तिसरी तिने अंगाखाली सरकवली आणि हात घालून बघितलं. "चालेल," म्हणाली. हे त्या दिवशी चार घास जास्त जेवले.

वन्संना मी अंडी उकडायच्या कामाला लावलं. त्यामुळे त्यांचे बाकीचे उपाय आपोआप बंद पडले.

इकडे ग्रुप काही पाठ सोडेना. "सोफ्याचं काय झालं?" "बटण सापडलं का?" "फोटो टाक." ह्यांनी लिहिलं, "बटण होतं. काढलं. काम चालू." त्यावर दाभणदादांचा पुन्हा मेसेज, की ज्याने ते घातलं त्याला माझ्याकडून दोन ठेवून दे. हे मला म्हणाले, "दे बाई." मी खरंच एक धपाटा दिला, दंडावर, जिथे कळतं तिथे.

मग तर रिवाजच पडला. डॉक्टरांना फोटो गेला की ह्यांच्या सांगण्यावरून तोच ग्रुपवरही जायचा. माझी तर मेल्याहून मेल्यासारखी अवस्था. पण ती मंडळी इतकी जीव लावून बघायची! "तळ भरून येतोय." "रंग छान चढतोय, घाई करू नको." "कडेला अजून पोकळ वाटतंय, तिथे बघ." एकाने तर विचारलं, हे असलं गुलाबी लेदर मिळतं कुठे?

डॉक्टर यायचा दिवस उजाडला. मी सकाळपासून एकच फडका तीनदा धुतला. हे पालथे पडलेले. कपड्यांच्या घड्यांवरूनसुद्धा मला बोलले नाहीत, म्हणजे किती घाबरले होते बघा. डॉक्टर आले, हातमोजे चढवले. सिस्टरने पट्टी सोडली. डॉक्टरांनी कागदी पट्टीने रुंदी मोजली, कापूस लावलेली काडी हलकेच आत घालून खोली बघितली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण डॉक्टर लोकांचे चेहरे म्हणजे ताकास तूर लागू देत नाहीत.

"हॉस्पिटलची गरज नाही," ते म्हणाले. "तळ चांगला वर आलाय. स्वच्छ आहे, लाल आहे. पूर्ण भरायला वेळ लागेल, पण भरेल. घरीच राहू द्या."

"म्हणजे जायचं नाही?" ह्यांनी उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

"नाही, आजोबा."

"नक्की?"

"नक्की."

ह्यांचे खांदे हलत होते. मी जवळ जाऊन बसले आणि डोक्यावरून हात फिरवला. कुणी बघतंय का याची मला काडीची पर्वा नव्हती. सिस्टरने डॉक्टरांना हळूच दुसऱ्या खोलीत नेलं. वन्संनी तिथे त्यांच्यापुढे अंडी ठेवली.

"अगं, मला घरातच राहायचं होतं," हे म्हणाले. "तुझ्यासमोर."

"मग राहा ना. मी कुठे घालवतेय तुम्हाला?" मी म्हटलं आणि मला हुंदका आवरेना.

थोड्या वेळाने ह्यांनी नाक पुसलं आणि फोन मागितला. कोपरांवर रेलून, एका बोटाने, बराच वेळ लिहीत होते. लिहून झाल्यावर मला दाखवलं. "मित्रांनो, तो सोफा नाही. तो मी आहे. जिन्यावरून पडलो, मणका गेला. आता उठता येत नाही. तुम्ही इतके दिवस माझं बूड बघत होतात. बटण मीच घातलं होतं."

"पाठवू?" ह्यांनी विचारलं. माझ्याकडे बघतही नव्हते.

"पाठवा," मी म्हटलं.

पाठवलं. एरवी टिंग टिंग वाजणारा फोन अगदी मुका झाला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. हे म्हणाले, "सांगायला नको होतं." मी म्हटलं, "गप्प बसा." डॉक्टर गेले, सिस्टर गेली, तरी फोन गप्पच. मी पलंगाजवळून हलले नाही.

मग दाभणदादांचा मेसेज आला. आवाज पहिल्यासारखा खणखणीत नव्हता, मध्येच अडत होता. "गाढवा," ते म्हणाले. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. "गाढवा, आधी का नाही सांगितलंस? पत्ता दे. मुलगा आणून सोडतो म्हणालाय. आणि वहिनींना सांग, आम्ही लेदरला नावं ठेवली त्याची माफी असावी."

हे हसायला लागले. पालथे पडून हसणं फार अवघड असतं, श्वासच पुरत नाही. मीही हसत होते, वन्सं काही न कळता हसत होत्या. हसता हसता ह्यांनी पत्ता लिहिला, घराचा नंबर चुकला, पुन्हा लिहिला. मग मी म्हटलं, पुरे आता, कूस बदलायची वेळ झाली, आणि वन्संना म्हटलं, तुम्ही खांद्याला धरा, मी कंबरेला धरते.